'औदुंबर'चा अर्थ जरा नंतर विचारूया

बालकवींच्या 'औदुंबर'बद्दल बरेच दिवस लिहायचं होतं. परवा भाचीच्या एका मेसेजनं ते आता लिहायलाच लावलं. ती बी.ए.ला मराठी घेऊन बसलीय. तिनं क्लासच्या नोट्सचा फोटो पाठवला. झरा म्हणजे जीवनप्रवाह, पांढरी पायवाट म्हणजे माणसाचं आयुष्य, काळा डोह म्हणजे मृत्यू, औदुंबर म्हणजे विरक्त योगी. चार ओळींत चार उत्तरं, प्रत्येकाखाली लाल रेघ. आणि खाली तिचा प्रश्न, "मामा, एवढं पाठ केलं की झालं ना?"

नाही झालं. आणि हे तिच्याशी बोलून संपणारं नाही, कारण ही एकट्या तिची गोष्ट नाही. मराठीतल्या सगळ्यात सुरेल आणि सगळ्यात रंगीत कवितांपैकी एक कविता आपण पिढ्यान् पिढ्या उत्तरपत्रिकेसाठी सोलून ठेवली आहे. तिच्यात काय दिसतं, काय वाजतं, हे कुणी विचारतच नाही. थेट विचारतात, औदुंबर कशाचं प्रतीक आहे?

कविता आठच ओळींची आहे. आधी ती वाचा. मनात नको, तोंडानं म्हणा.

ऐल तटावर पैल तटावर हिरवाळी घेउन
निळासावळा झरा वाहतो बेटाबेटातुन.
चार घरांचे गाव चिमुकले पैल टेकडीकडे
शेतमळ्यांची दाट लागली हिरवी गर्दी पुढे.
पायवाट पांढरी तयातुनि अडवीतिडवी पडे
हिरव्या कुरणामधुनि चालली काळ्या डोहाकडे.
झाकळुनी जळ गोड काळिमा पसरी लाटावर
पाय टाकुनी जळात बसला असला औदुंबर.

माझे वडील, आम्ही त्यांना आण्णा म्हणायचो, बोर्ड रंगवायचे. दुकानांच्या पाट्या, नाटकांचे फलक, गणपतीत मंडळांचे देखावे. पोटाचं काम ते. जीव मात्र निसर्गचित्रात. रविवारी सकाळी कागदाचा पॅड आणि रंगांची पेटी घेऊन रंकाळ्यावर नाहीतर पंचगंगेवर. मी बरोबर असायचो, पाण्याचा मग भरून आणायला. आणि आठवड्याचे बाकीचे दिवस संध्याकाळी मी तबला शिकायला जायचो. कोल्हापुरात हे काही विशेष नाही. आबालाल रहिमानांनी जिथं कोटितीर्थाच्या आणि रंकाळ्याच्या पाण्यावरचा उजेड कागदावर उतरवला, आणि जिथं अल्लादिया खाँसाहेब शाहू महाराजांच्या दरबारी गायले, त्या गावात ब्रश आणि डग्गा एकाच घरात सापडले तर कुणी मान वळवून बघत नाही. सांगायचं एवढ्यासाठी की या कवितेकडे मी ज्या दोन दारांनी जातो ती दोन्ही मला घरातूनच मिळाली.

आधी लयीचं दार.

मांडीवर टाळी धरून पहिली ओळ म्हणून बघा. मात्रा म्हणजे उच्चाराला लागणारा वेळ, ऱ्हस्व अक्षराला एक, दीर्घाला दोन. 'ऐल तटावर' आठ मात्रा. 'पैल तटावर' आठ मात्रा. 'हिरवाळी घे' पुन्हा आठ. उरलं 'उन', शेवटचं अक्षर लांबवून तीन मात्रा. म्हणजे आठाचं चौथं आवर्तन, चौथा फेरा, पुरं व्हायला पाच मात्रा कमी. त्या पाच मात्रा शब्द नाहीत. तिथं ओळ थांबते. प्रत्येक ओळीच्या शेवटी ही पाच मात्रांची मोकळी जागा आहे, आठही ओळींत. केरवा, म्हणजे आठ मात्रांचा ताल, वाजवणाऱ्या कुणालाही विचारा, आवर्तनातली अशी मोकळी जागा मुद्दाम ठेवणं किती अवघड असतं. हात शिवशिवतात, तबल्याच्या भरभर बोलांची एखादी तिरकीट टाकून ती भरून काढावीशी वाटते. बालकवींनी ती भरली नाही. 'पैल टेकडीकडे' म्हणून झालं की एक श्वासभर काहीच नाही, आणि मग शेतमळे. आपण त्या श्वासात टेकडीकडे बघतो. म्हणून ही कविता भरभर म्हणताच येत नाही. मी मुलांना मुद्दाम घाईनं म्हणायला लावलंय, ती ओळीच्या टोकाला आपोआप थबकतात.

आता आतली चाल बघा. 'ऐल' तीन मात्रा, 'तटावर' पाच. 'पैल' तीन, 'तटावर' पाच. 'चार' तीन, 'घरांचे' पाच. 'गाव' तीन, 'चिमुकले' पाच. 'शेत' तीन, 'मळ्यांची' पाच. 'दाट' तीन, 'लागली' पाच. तीन-पाच, तीन-पाच अशी एक हलकी झुलती चाल कानात बसते. पाणी असंच पुढं सरकतं, एक आखूड लाट आणि मागून एक लांब.

आणि मग पाचवी ओळ येते. 'पायवाट पांढरी तयातुनि.' इथं काय होतं? 'पाय' तीन, 'वाट' तीन, 'पांढरी' पाच, 'तयातुनि' पाच. तीन-पाचच्या जागी तीन-तीन-पाच-पाच. बेरीज तीच सोळा, पण मधली आठाची टाळी 'पांढरी' या शब्दाच्या पोटात पडते. 'पां' अलीकडे आणि 'ढरी' पलीकडे. ओळींची टोकं सोडली तर साऱ्या कवितेत आठाची टाळी एखाद्या साध्या शब्दाला मधोमध कापते ते या एकाच ठिकाणी. आणि ही ओळ कशाबद्दल आहे? अडव्यातिडव्या पडलेल्या पायवाटेबद्दल! वाट वाकडी झाली तिथं लयसुद्धा वाकडी झाली. पुढच्या ओळीत तीच वाट 'कुरणामधुनि' चालते, तिथंही टाळी 'कुरणा' आणि 'मधुनि'च्या सांध्यावर पडते, शब्द एका आवर्तनातून दुसऱ्यात वाहून जातो.

हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मी तबल्यावरून हात काढून नुसता बसून राहिलो होतो. अंगावर काटा आला होता.

बालकवींनी बोटं मोजून हे केलं असेल असं माझं म्हणणं नाही. मोजून असं होतही नाही. कान इतका तयार असावा लागतो की वाट वळली की जीभ वळावी. १९०७ साली जळगावच्या कविसंमेलनात 'बालकवी' ही पदवी मिळाली तेव्हा त्र्यंबक बापूजी ठोंबरे सोळा-सतरा वर्षांचे होते. हा कान त्या वयातला.

शेवटच्या ओळीत तर कमालच आहे. 'पाय' तीन, 'टाकुनी' पाच, इथपर्यंत जुनी झुलती चाल. आणि मग 'जळात' चार, 'बसला' चार, 'असला' चार, 'औदुं' चार. झुलणं थांबलं. चार चार चार चार. झाड बसलं, आणि झाडाबरोबर लयही बसली. आमचे तबल्याचे गुरुजी समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, यायच्या आधी म्हणायचे, "घाई करू नकोस, बसून ये." हे 'बसून येणं' कवितेत बघायचं असेल तर ही ओळ. त्या 'असला'वर मराठी समीक्षेत पुष्कळ लिहून झालंय, असला म्हणजे कसला, कुणाकडे बोट दाखवून म्हटलंय वगैरे. ते सगळं वाचावं. पण त्याआधी तो शब्द 'बसला'ला लागून, त्याच वजनाचा, त्याचाच नाद घेऊन आलाय हे ऐकावं.

आणखी एक ऐकण्याची गोष्ट. या कवितेत आवाज नाही. एकही नाही. पाखरू नाही, वारा नाही, गुराखी नाही, मोट नाही. झरा आहे पण तो खळखळत नाही, नुसता 'वाहतो'. हेच बालकवी दुसऱ्या कवितेत निर्झराला 'गिरिशिखरे, वनमालाही, दरीदरी घुमवित येई' म्हणतात, तिथं झरा सगळं रान डोक्यावर घेतो. त्यांना पाण्याला आवाज देता येत नव्हता असं नाही. इथं दिला नाही. सगळं संगीत शब्दांच्या हाडात घातलं आणि चित्र मुकं ठेवलं. त्यातल्या त्यात कानाला लागतो तो 'ळ'. हिरवाळी, निळासावळा, मळ्यांची, काळ्या. आणि सातव्या ओळीत तर 'झाकळुनी जळ गोड काळिमा', एका दमात तीन 'ळ'. पाण्यावर सावली पसरते तेव्हाच ते सगळ्यात दाट होतात. हळू म्हणून बघा, जीभ टाळूला लागून सुटते आणि तोंडात पाणी हलल्यासारखं होतं.

आता रंगांचं दार. इथं आण्णांशिवाय मला पुढं जाता येत नाही.

लहानपणी मी चित्रात सावली काढायला काळ्या रंगाचा डबा उघडला की ते हात धरायचे. "काळ्याचा डबा कशाला उघडालायस? निळ्यात तपकिरी घाल की." अल्ट्रामरीन निळा आणि बर्न्ट अंबर एकत्र केले की एक गडद, खोल रंग तयार होतो. तो डब्यातल्या काळ्यासारखा मेलेला नसतो. एका बाजूनं बघावं तर निळा, दुसऱ्या बाजूनं उबदार. आण्णा म्हणायचे, डब्यातला काळा लावला की कागदाला भोक पडतं, आणि हा लावला की कागदाला खोली येते. पुढं किती तरी वर्षांनी 'निळासावळा' आणि 'गोड काळिमा' हे शब्द नीट वाचले तेव्हा मला तो डबा आठवला. बालकवी थेट काळ्यावर येत नाहीत. ते आधी निळ्यात सावळा मिसळतात. मग हिरवा चढवतात. मग काळा डोह, पण तोही लांबून, वाटेच्या टोकाला. आणि शेवटी जो काळा येतो त्याला 'गोड' म्हणतात. तो काळा निळ्यातून आणि हिरव्यातून झालेला आहे. मिसळून केलेला काळाच गोड असतो.

पाण्यावर हे प्रत्यक्ष बघायचं असेल तर कोल्हापूरजवळ प्रयाग चिखलीला जा. कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावतीचं पाणी एकत्र येऊन पंचगंगा होते तिथं. पावसाळ्यात नाही, तेव्हा सगळी नदी तांबूस आणि गढूळ असते. दिवाळीनंतर जा, पाणी निवळल्यावर. काठाला उंबर शोधा, उंबराला पाण्याजवळ राहायला आवडतंच. दुपारी तीन-साडेतीनला बघा. उघडं पाणी आभाळाचा रंग घेऊन चमकत असतं. आणि झाडाखालचं पाणी काळं. पाणी तेच, खोलीही तेवढीच. फरक एवढाच की पाणी आरशासारखं वरचं दाखवतं, आणि तिथं वर आभाळाऐवजी फांद्यांची अंधारी बाजू असते. आभाळ झाकलं की पाणी काळं होतं. 'झाकळुनी जळ.' किती अचूक पाहिलंय बघा. काळिमा पाण्यात नाही, तो झाडानं पाण्यावर 'पसरलेला' आहे. वाऱ्याची झुळूक आली की त्या काळ्यात बारीक चांदीच्या रेघा उठतात आणि मोडतात. तिथं अर्धा तास बसलात की त्या काळ्याची भीती वाटत नाही. डोळ्यांना गार वाटतं.

आता हे चित्र चित्रकाराच्या हिशेबानं मोजा. हिरवा तीनदा. निळासावळा एकदा. पांढरा एकदा. काळा दोनदा. संपलं. पिवळा नाही, तांबडा नाही, केशरी नाही. हेच बालकवी श्रावणावर लिहितात तेव्हा इंद्रधनुष्याचा दुहेरी गोफ विणतात, 'पिवळे पिवळे ऊन' पाडतात. इथं ऊनसुद्धा नाही. दिवसाची वेळ सांगितलेली नाही. आणि उंबर! पिकलेल्या उंबराच्या खोडाला, जाड फांद्यांना तांबडी फळं नुसती लगडलेली असतात. कुठल्याही चित्रकाराला त्या हिरव्या-काळ्यात एक तांबडा ठिपका ठेवायचा मोह आवरणार नाही. आण्णांनी नक्की ठेवला असता, ते म्हणायचे तांबड्याशिवाय हिरवा जागा होत नाही. बालकवींनी तो मोह सोडला. त्यांचा औदुंबर पूर्ण बिनरंगी आहे. शेवटच्या ओळीत एकही रंग नाही, बघितलंत? सात ओळी रंग लावत आणले आणि ज्याच्यासाठी लावले त्याला कुठलाच दिला नाही. तो फक्त बसलाय.

ही पांढऱ्या वाटेची रेघही मला फार आवडते. सगळ्या चित्रात एकच पांढरं, आणि ते सरळ काळ्यात जाऊन संपतं. जलरंगात पांढरा रंग लावायचा नसतो, कागदच कोरा सोडायचा असतो. आण्णा वाट काढायचे म्हणजे वाट सोडून बाकीचं रंगवायचे. शेतमळ्यांची हिरवी गर्दी आधी दाट भरायची आणि मधे नुसता कागद राखायचा. कवितेतही क्रम तोच आहे, आधी हिरवी गर्दी, मग 'तयातुनि' पांढरी.

आता कुणी म्हणेल, इतकी मात्रा-रंगांची मोजदाद करून काय मिळालं? शेवटी पांढऱ्याकडून काळ्याकडे जाणारी वाट म्हणजे मृत्यूच ना? असेल. मला त्या अर्थाशी भांडायचं नाही. ती वाट म्हणताना माझ्याही पोटात काहीतरी खाली सरकतं. पण ते का सरकतं? 'डोह म्हणजे मृत्यू' असं कुणी सांगितलं म्हणून नाही. हिरव्यावरून पांढऱ्यावर आणि पांढऱ्यावरून काळ्यावर डोळा ओढला गेला म्हणून. लय झुलत होती ती अडखळली आणि मग बसली म्हणून. अर्थ या दोन्हींच्या मागून चालत येतो. नोट्समध्ये तो पुढं उभा केलाय आणि मागचं सगळं पुसून टाकलंय. शिवाय बालकवी ५ मे १९१८ रोजी भादली स्टेशनजवळ रेल्वेखाली गेले, वय अठ्ठावीसही पुरं नव्हतं, हे ठाऊक असल्यामुळे लोक त्या काळ्या डोहात त्यांचा मृत्यूच बघायला लागतात. मला हे पटत नाही. त्या माणसानं 'गोड' लिहिलंय. तो शब्द ओलांडून कुणाला पुढं जाता येणार नाही.

आपल्याकडच्या माणसाला आणखी एक अडचण येते. औदुंबर म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं नृसिंहवाडी येते. कृष्णा-पंचगंगेचा संगम, दत्ताच्या पादुका, पार, प्रदक्षिणा. मीही त्यातलाच, वाडीला गेल्यावर त्या झाडाला हात लावल्याशिवाय माझा पाय निघत नाही. पण या कवितेत पादुका नाहीत, घंटा नाही, कुणी हात जोडलेले नाहीत. खानदेशात, धरणगावात जन्मलेल्या कवीनं हे कुठल्या ओढ्याकाठी पाहिलं कुणास ठाऊक, पण त्याचं झाड दर्शनाला उभं नाही. ते पाय पाण्यात टाकून बसलंय, घाटाच्या पायरीवर आपण बसतो तसं. नोट्समधला तो 'विरक्त योगी' मला खटकतो तो यासाठीच. विरक्त माणूस पाण्यात पाय सोडून बसत नाही. त्याला पाण्याचा गारवा हवाय!

भाचीला मी फोनवर हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मामा, परीक्षेत लय मोजली तर मार्क देतील का?" मी म्हणालो, देतील न देतील, तू टाळी धरून एकदा म्हण. तिनं फोनवरच म्हटली. 'पांढरी'पाशी तिची टाळी चुकली, थांबली, परत म्हणाली आणि मग स्वतःच म्हणाली, "अरे, इथं काहीतरी सरकतंय." नोट्समध्ये याच्यासाठी रकाना नाही, पण मला त्या क्षणी जो आनंद झाला तो मी इथं लिहिल्याशिवाय राहू शकत नव्हतो. मराठी शिकवणारे पुष्कळ जण माझ्या यादीत आहेत. त्यांना कळकळीची विनंती, पहिल्या तासाला प्रतीक काढू नका. मुलांना टाळी धरायला लावा. रंगपेटी आणायला सांगा आणि कवितेत आलेत तेवढेच रंग वापरून हे चित्र काढायला लावा. वर्गात वेगवेगळे डोह होतील, त्यावर बोला. औदुंबर कोण आहे हा प्रश्न मग मुलंच विचारतील, आणि तेव्हा तो खरा प्रश्न असेल.

एक गोष्ट मात्र मला अजून सुटलेली नाही, ती चित्रकार मित्रांवर सोपवतो. तिसरी ओळ. 'चार घरांचे गाव चिमुकले पैल टेकडीकडे.' शेवटची ओळ सोडली तर रंग नसलेली ही एकच. झऱ्याला रंग आहे, शेताला आहे, पायवाटेला आहे, गावाला का नाही? आमच्या एका चित्रकार मित्राचं म्हणणं, लांबची वस्तू हवेत फिकी होते, तिचा रंग जातो, म्हणून. हे पटण्यासारखं आहे. पण मग टेकडीच्या अलीकडचं शेत इतकं हिरवं आणि झाड, जे सगळ्यात जवळ आहे, ते बिनरंगी का? मला वाटतं कवीनं माणसांच्या घराला आणि त्या झाडाला मुद्दाम एका रांगेत ठेवलंय. दोघं या काठाचे आणि त्या काठाचे, दोघांना रंग नाही, मधली सगळी रंगपेटी दोघांच्या मधे. मित्राला हे मान्य नाही. तुमच्यापैकी कुणी या ओळीवर ब्रश चालवला असेल तर गाव कुठल्या रंगात काढलंत ते सांगा, आणि चित्र असेल तर टाका.